एकाच फायबरवरून टीव्ही आणि इंटरनेट द्यायचे असेल, तर कनेक्टर कोणते घ्यावेत?

प्रश्न : खाडीकाठ

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आणि भोवतालच्या वाड्यांमध्ये आमचे केबल टीव्हीचे जाळे आहे. आजवर ते बहुतांशी कोॲक्सियल केबलवर चालत आले. पावसाळ्यातील विजा, समुद्राकडून येणारी खारी हवा आणि खांबावरच्या प्रत्येक ॲम्प्लिफायरला लागणारा वीजपुरवठा यांमुळे ते सांभाळणे दरवर्षी अधिक कठीण होत चालले आहे. म्हणून आता थेट घरापर्यंत फायबर नेण्याचे आणि त्या एकाच धाग्यावरून टीव्ही व इंटरनेट दोन्ही देण्याचे आम्ही ठरवले आहे. टीव्हीचा सिग्नल १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर जाईल आणि इंटरनेट जीपॉन पद्धतीने, म्हणजे एकच फायबर अनेक ग्राहकांत वाटून. ओएलटीमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममधील इंटरनेटच्या मुख्य यंत्रामध्ये, बी प्लस श्रेणीची मॉड्यूल आहेत, सर्वांत लांबची वाडी फायबरच्या मार्गाने ८ किलोमीटरवर आहे, आणि वाटेत प्रकाश आठ वाटांत विभागणारा, म्हणजे आठचा एक स्प्लिटर व वाडीत आठचा दुसरा अशी रचना योजली आहे.

माझी अडचण कनेक्टरांविषयी आहे. एका पुरवठादाराने स्प्लिटर, पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल), पिगटेल (एकाच टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) असे सारे साहित्य निळ्या एससी कनेक्टरमध्ये सुचवले आहे; ते स्वस्त पडते, सगळीकडे मिळते आणि निळ्या-हिरव्यात रंगापलीकडे फरक नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्याने सर्व हिरवे सुचवले, परंतु कारण विचारल्यावर टीव्हीसाठी हिरवेच लागते, एवढेच उत्तर मिळाले. आमच्याकडे आधीच घेतलेल्या काही ओएनटींचे (ग्राहकाच्या घरी बसवायच्या यंत्रांचे) तोंड निळे आहे. शिवाय ग्राहकाच्या घरी फास्ट कनेक्टर (जागेवरच हाताने बसवायचा) लावावा की पिगटेल स्प्लाइस करावी, म्हणजे मशीनने फायबरला वितळवून सांधावी, यावर आमच्याच मुलांमध्ये दोन मते आहेत. साहित्य एकदा खांबावर आणि भिंतींवर चढले की ते बदलणे आम्हाला परवडणार नाही. त्यामुळे काय घ्यावे याबरोबरच ते का घ्यावे, हेही कोणी समजावून सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर : निवृत्त पारेषण

आपण कारण विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कनेक्टरच्या नावात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि बाजारात बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो. 'एससी/एपीसी' या नावातील पहिला भाग बाहेरच्या आकाराचा आहे, म्हणजे कनेक्टर कसा बसतो आणि कसा अडकतो याचा. दुसरा भाग आतल्या फेरूलच्या, म्हणजे फायबर धरणाऱ्या बारीक नळीच्या, टोकाला कोणती घासणी, म्हणजे कोणते पॉलिश दिले आहे याचा आहे. एससी हा आकार जपानच्या एनटीटी या कंपनीने १९८०च्या दशकात विकसित केला. त्यातील सिरॅमिकच्या फेरूलचा व्यास २.५ मिलिमीटर असतो आणि तो नुसता ढकलून बसवता व ओढून काढता येतो. एलसी हा ल्युसेंटने १९९०च्या दशकात आणला. त्याचे फेरूल १.२५ मिलिमीटरचे, म्हणजे निम्म्या व्यासाचे आहे, त्यामुळे तेवढ्याच जागेत दुप्पट जोड बसतात. एफसी आट्यांनी फिरवून घट्ट करायचा असतो, म्हणून तो ओटीडीआर, पॉवर मीटर यांसारख्या मोजणीच्या यंत्रांवर अजून टिकून आहे. एसटी पिळून अडकवायचा असतो आणि तो जुन्या महाविद्यालयांच्या किंवा कारखान्यांच्या अंतर्गत जाळ्यांत आढळतो. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. आकाराची निवड पुष्कळदा आपल्या हातातच नसते. ज्या यंत्रात तो घालायचा, त्या यंत्राचे तोंड ती ठरवते. घरापर्यंतच्या फायबरमध्ये एससी रूढ झाला आहे, तो आकाराने धरायला सोपा आणि दणकट आहे, आणि आपणही तोच घ्यावा.

खरी निवड पॉलिशची आहे. सिंगल मोड, म्हणजे आपण वापरतो त्या प्रकारच्या, फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा आणि त्याभोवतीची काच १२५ मायक्रॉनची असते. दोन कनेक्टर ॲडॅप्टरमध्ये समोरासमोर येतात तेव्हा हे दोन गाभे एकमेकांना प्रत्यक्ष टेकले पाहिजेत. मध्ये हवेचा पातळसा थर जरी राहिला, तरी काचेतून हवेत जाताना सुमारे साडेतीन टक्के प्रकाश मागे परततो. हे परावर्तन टाळण्यासाठी फेरूलचे टोक किंचित फुगीर घासतात, म्हणजे दाब दिल्यावर मधोमध काच काचेला भिडते. यूपीसी म्हणजे अशी अतिशय बारीक, सरळ घासणी. तिच्यात परतीचा प्रकाश सुमारे ५० डीबीने (डेसिबलने) खाली असतो, म्हणजे गेलेल्या प्रकाशाचा साधारण एक लाखावा भाग परत येतो. एपीसीमध्ये टोक सरळ न घासता ८ अंशांच्या तिरकस कोनात घासतात. थोडाफार प्रकाश तेथेही परततो, परंतु तो तिरका परतल्यामुळे गाभ्यात शिरत नाही आणि बाहेरच्या काचेत विरून जातो. म्हणून एपीसीचे परावर्तन ६० डीबी किंवा त्याहून खाली, म्हणजे दहा लाखाव्या भागापर्यंत जाते. सिंगल मोडमध्ये निळा रंग यूपीसीचा आणि हिरवा एपीसीचा, असा सर्वत्र संकेत आहे.

आता टीव्हीसाठी हिरवेच का, ते पाहू. इंटरनेटचा जीपॉन सिग्नल म्हणजे प्रकाश आहे किंवा नाही एवढेच ओळखायचे असते, त्यामुळे तो थोडे परावर्तन निभावून नेतो. १५५० नॅनोमीटरवरील टीव्हीचा सिग्नल मात्र वेगळा आहे. वाहिन्या डिजिटल असल्या, तरी फायबरवर जातो तो संपूर्ण आरएफ (रेडिओ वारंवारितांचा) पट्टा, आणि प्रकाशाची तीव्रता त्या पट्ट्याप्रमाणे सतत कमी-जास्त होत असते. मार्गात दोन परावर्तक सांधे असले, तर काही प्रकाश पुढच्या सांध्यावरून मागे येतो, मागच्या सांध्यावर आपटून पुन्हा पुढे जातो आणि मूळ सिग्नलमध्ये थोड्या उशिराने मिसळतो. लेसरच्या प्रकाशातील सूक्ष्म चढउतारांमुळे या मिसळण्याचे रूपांतर गोंगाटात होते, एमईआर, म्हणजे सिग्नलच्या शुद्धतेचे माप, घसरतो आणि पडद्यावर चौकोन फुटू लागतात. पॉवर मीटरवर पातळी उत्तम दिसत असते आणि चित्र मात्र बिघडलेले असते. ही तक्रार शोधायला फार वेळ जातो, म्हणूनच ती मुळात निर्माण होऊ न देणे महत्त्वाचे आहे.

एक गोष्ट पुरवठादार सहसा सांगत नाहीत. यूपीसीचे ५० डीबी हे तोंडाला दुसरा कनेक्टर जोडलेला असतानाचे आहेत. उघड्या यूपीसी टोकासमोर हवाच असते, त्यामुळे तेथून वर सांगितलेले साडेतीन टक्के, म्हणजे केवळ १४ ते १५ डीबी खाली असलेला प्रकाश परततो. एपीसीचे टोक उघडे राहिले तरी त्याचा तिरकसपणा काम करीतच असतो. आपल्यासारख्या जाळ्यात आठच्या स्प्लिटरची तीन-चार तोंडे नवे ग्राहक मिळेपर्यंत मोकळी राहणारच. अशा परिस्थितीत निळे स्प्लिटर घेणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

सबब, एडफापासून (टीव्हीचा प्रकाश वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरपासून) ग्राहकाच्या भिंतीवरील पेटीपर्यंत सर्व सांधे एससी/एपीसी ठेवावेत. अपवाद कंट्रोल रूममध्ये येईल. जीपॉन ओएलटीच्या मॉड्यूलचे तोंड बहुधा एससी/यूपीसी असते. तेथे एका टोकाला यूपीसी आणि दुसऱ्या टोकाला पुढच्या यंत्राला जुळणारा कनेक्टर असलेली तयार पॅचकॉर्ड घ्यावी. इंटरनेट व टीव्ही एकत्र करणाऱ्या एडफाच्या पॉन (इंटरनेटच्या) तोंडावर पुष्कळदा एलसी/यूपीसी आणि बाहेर जाणाऱ्या तोंडावर एलसी/एपीसी किंवा एससी/एपीसी असते. मागणी नोंदवण्यापूर्वी त्या यंत्राच्या प्रत्येक तोंडाचा प्रकार कागदावर लिहून घ्यावा.

उत्तर : जोडारी

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि त्याला हाताखालच्या कामाची जोड देतो.

हिरवा कनेक्टर निळ्या तोंडात घालता येतो, कारण बाहेरचा आकार एकच असतो. क्लिक असा आवाजही येतो आणि बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात एक टोक सरळ व दुसरे तिरके असल्यामुळे गाभे टेकत नाहीत आणि मध्ये पाचरीसारखी फट राहते. तेथे तीन-चार डीबी, कधी त्याहूनही जास्त तोटा होतो, आणि तिरक्या टोकाची कड दाबली गेल्याने समोरच्या टोकावर ओरखडा उमटू शकतो. ओएनटीच्या आतील टोकावर ओरखडा आला, तर ते सहजासहजी दुरुस्त होत नाही. जवळच्या ग्राहकाकडे पातळी चांगली असल्यामुळे अशा चुकीच्या जोडणीतही इंटरनेट चालू होते आणि मुलांना वाटते की चालते म्हणजे बरोबर आहे. आपल्या माणसांना हा एकच नियम पक्का शिकवावा : निळ्यात निळा आणि हिरव्यात हिरवा.

फास्ट कनेक्टरबद्दल. यांचे दोन प्रकार बाजारात आहेत आणि दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. चांगल्या प्रकारात फेरूलमध्ये कारखान्यातच फायबरचा छोटा तुकडा बसवून त्याचे टोक घासलेले असते. आपण आणलेले फायबर आत त्या तुकड्याच्या मागच्या बाजूला टेकते आणि तेथे अपवर्तनांक जुळवणारे जेल भरलेले असते. दुसऱ्या, स्वस्त प्रकारात आतला तुकडाच नसतो. आपण क्लीव्हरने कापलेले फायबर आरपार जाऊन फेरूलच्या तोंडाशी येते आणि तेच समोरच्याला टेकते. क्लीव्हर फायबर सरळ कापतो, ८ अंशांत नव्हे. त्यामुळे असा कनेक्टर हिरव्या रंगात विकला गेला, तरी त्याचा गाभा एपीसी असत नाही, आणि फायबर किंचित पुढे आलेले राहिले तर ते समोरच्या टोकाला इजा करते. खरेदी करताना आत घासलेला तुकडा आणि जेल आहे का, हे विचारावे, आणि शक्य असेल तर एक कनेक्टर फोडून पाहावा.

चांगला फास्ट कनेक्टरही सुमारे ०.३ ते ०.५ डीबी तोटा देतो आणि तो काप किती स्वच्छ आहे यावर अवलंबून असतो. झिजलेले पाते, बोटाचा स्पर्श झालेले फायबर किंवा सोलण्याची लांबी चुकणे, यांपैकी काहीही झाले तरी तोटा एक डीबीच्या वर जातो. पुन्हा पुन्हा उघडून वापरलेल्या कनेक्टरमधले जेल मळते. स्प्लाइस केलेली पिगटेल मात्र ०.०५ डीबीच्या आसपासचा सांधा देते आणि तिचे टोक कारखान्यात घासून तपासलेले असते. कोकणात उन्हाळ्यातील भिंतीची उष्णता आणि पावसाळ्यातील दमट हवा यांत जेलवर वर्षानुवर्षे विसंबणे मला पटत नाही. म्हणून माझे मत असे आहे की वितरण पेटीत आणि खांबावर कायम स्प्लाइसच करावी. ग्राहकाच्या घरी स्प्लायसिंग मशीन नेणे शक्य असेल तेथे पिगटेल लावावी, आणि फास्ट कनेक्टर रात्रीच्या तातडीच्या दुरुस्तीपुरता पिशवीत ठेवावा. तिसरा मार्गही आहे. दोन्ही टोकांना कारखान्यात एससी/एपीसी लावलेली ड्रॉप केबल (खांबापासून घरापर्यंतची) ५०, १००, १५० मीटर अशा लांबीत मिळते. जेथे घरे दाटीने आहेत तेथे ती उत्तम, जेथे वाडी डोंगरउतारावर विखुरलेली आहे तेथे उरलेल्या केबलची वेटोळी सांभाळणे त्रासाचे होते.

कापलेल्या फायबरचे बारीक तुकडे ग्राहकाच्या घरात जमिनीवर पडू देऊ नयेत. झाकणाची छोटी बाटली प्रत्येकाच्या पिशवीत असावी. घरात रांगणारे मूल असते, अनवाणी चालणारी माणसे असतात, आणि हे तुकडे त्वचेत शिरले की दिसतही नाहीत.

खाडीकाठ

आपण दोघांचेही मनापासून आभार. उघड्या तोंडांचा मुद्दा आम्हाला कोणीही सांगितला नव्हता. त्यावरूनच स्प्लिटर हिरवे घेण्याचे नक्की केले.

आता तीन शंका राहतात. पहिली, घरात पडून असलेल्या निळ्या ओएनटींचे काय करावे? दुसरी, ८ किलोमीटरवरच्या वाडीपर्यंत आमची रचना पोहोचेल का, आणि त्यात कनेक्टरांचा वाटा किती? तिसरी, एकाने सांगितले की नवी पॅचकॉर्ड पिशवीतून काढून थेट लावायची असते, तिला पुसण्याची गरज नाही. दुसऱ्याने सांगितले की पुसल्याशिवाय काहीही लावू नये. यातले योग्य काय?

उत्तर : निवृत्त पारेषण

पहिल्या दोन शंकांना मी उत्तर देतो.

ज्या ओएनटीत टीव्हीचे आरएफ तोंडही असते, तिचे फायबरचे तोंड जवळजवळ नेहमी हिरवे असते. निळ्या तोंडाच्या ओएनटी बहुधा केवळ इंटरनेटच्या असतात. त्या टाकून देण्याचे कारण नाही. केवळ इंटरनेट घेणाऱ्या ग्राहकाकडे भिंतीवरील पेटीत हिरवा ॲडॅप्टर ठेवावा आणि तेथून ओएनटीपर्यंत एका बाजूला एपीसी व दुसऱ्या बाजूला यूपीसी असलेली छोटी पॅचकॉर्ड द्यावी. तेथील यूपीसी सांध्यावरून परतणारा अल्पसा प्रकाश वर जाताना दोन्ही स्प्लिटरांमधून जाऊन आणखी सुमारे २१ डीबीने क्षीण होतो, म्हणून तो टीव्हीला बाधा आणत नाही. परावर्तनाचा उपद्रव सर्वांत जास्त होतो तो एडफाच्या जवळच्या, स्प्लिटरच्या आधीच्या सांध्यांत, कारण तेथे प्रकाश भरपूर असतो आणि दोन सांध्यांच्या मध्ये त्याला अडवणारा तोटा नसतो. कंट्रोल रूमच्या रॅकमधील पॅचकॉर्डवर काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता हिशेब. बी प्लस श्रेणीत ओएलटी व ओएनटी यांच्यामध्ये २८ डीबीपर्यंत तोटा चालतो. वर जाणारा सिग्नल १३१० नॅनोमीटरवर असतो आणि त्याला फायबरमधील तोटा जास्त होतो, म्हणून हिशेब त्याचाच मांडावा. प्रति किलोमीटर ०.३५ डीबी धरल्यास ८ किलोमीटरना २.८ होतात. आठच्या स्प्लिटरचा तोटा साधारण १०.५, म्हणून दोघांचे २१. मार्गात आठ स्प्लाइस धरल्या तर ०.४. सहा कनेक्टर जोड प्रत्येकी ०.३ धरल्यास १.८. टीव्ही व इंटरनेट एकत्र करणाऱ्या फिल्टरचे सुमारे ०.८. बेरीज २६.८ होते आणि हाती १.२ डीबी उरतात. आता कनेक्टर निकृष्ट किंवा मळके असल्यामुळे प्रत्येक जोड ०.३ ऐवजी ०.६ देऊ लागला असे समजा : बेरीज २८.६ होते आणि मर्यादा ओलांडली जाते. फायबर तेच, स्प्लिटर तेच, अंतर तेच; केवळ कनेक्टरांमुळे वाडी चालू राहते किंवा बंद पडते.

सवा डीबीची शिल्लक मला तशीही अपुरी वाटते, कारण खांब पडला, केबल तुटली की दर दुरुस्तीत एक-दोन स्प्लाइस वाढतात. त्या एका वाडीसाठी ३२ डीबीपर्यंतचा तोटा चालणारे सी प्लस श्रेणीचे मॉड्यूल घ्यावे, किंवा वाडीतील दुसरा स्प्लिटर आठऐवजी चारचा ठेवावा. चारच्या स्प्लिटरला साधारण ७ डीबी लागतात, म्हणजे साडेतीन डीबी परत मिळतात. जोडांची संख्या कमी करणे हाही एक मार्ग आहे. प्रत्येक पेटीत ॲडॅप्टर बसवण्याचा मोह होतो, पण जेथे पुढे कधी उघडून तपासण्याची गरज नाही तेथे थेट स्प्लाइस करावी. कंट्रोल रूममधील ओडीएफ (फायबर जोडण्याची चौकट), वितरण पेटीतील स्प्लिटरचे तोंड आणि ग्राहकाची पेटी, एवढ्या ठिकाणी कनेक्टर हवाच, कारण दोष शोधताना जाळे तेथेच वेगळे करून मोजता येते.

खाली येणाऱ्या १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा फायबरमधील तोटा थोडा कमी, प्रति किलोमीटर सुमारे ०.२५ डीबी असतो. ओएलटी ३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतील प्रकाशाची पातळी) देत असेल, तर त्या वाडीत मायनस २३ च्या आसपास वाचन आले पाहिजे. मीटरवर मायनस २६ दिसले, तर चालू आहे म्हणून निघून येऊ नये; ते ३ डीबी कोठे गेले ते त्याच दिवशी शोधावे.

उत्तर : रॅकमधला

मी नवी मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये केबलिंगचे काम पाहतो. आमच्याकडे एलसी आणि एकाच फेरूलमध्ये बारा धागे असलेले एमपीओ यांचाच वापर जास्त, त्यामुळे निवडीबद्दल वरच्या उत्तरांत भर घालण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही. पुसण्याचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच आहे आणि त्याविषयी मला तळमळीने सांगायचे आहे.

नवी पॅचकॉर्डही पुसूनच लावावी. टोपी लावलेली आहे म्हणजे टोक स्वच्छ आहे, हा समज चुकीचा आहे, कारण त्या प्लास्टिकच्या टोपीतील सूक्ष्म कण आणि चिकटपणा टोकावर उतरतो. गाभा ९ मायक्रॉनचा आहे आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. डोळ्यांना कधीही न दिसणारा धुळीचा एक कण गाभ्याचा मोठा भाग झाकू शकतो. शिवाय दोन टोके दाबाने टेकतात, म्हणून मधला कठीण कण काचेत रुततो आणि नंतर कितीही पुसले तरी खड्डा राहतो. आयईसी ६१३००-३-३५ या मानकात टोकाचे गाभ्यापासून बाहेर असे वर्तुळाकार भाग पाडून कोणत्या भागात किती दोष चालतो ते ठरवून दिले आहे, आणि गाभ्याच्या भागाबाबत ते सर्वांत कडक आहे.

पद्धत अशी : आधी तपासणीच्या सूक्ष्मदर्शकातून टोक पाहावे, मळलेले असल्यास कोरड्या क्लीनरने पुसावे, पुन्हा पाहावे आणि मगच जोडावे. पेनसारखा, दाबल्यावर क्लिक होणारा क्लीनर मिळतो. तो ॲडॅप्टरच्या आत बसलेले टोकही पुसतो, आणि नेमके तेच टोक सगळे विसरतात. आपण हातातला कनेक्टर पुसतो आणि समोरच्या मळक्या टोकावर नेऊन टेकवतो, मग दोन्ही मळतात. तेलकट डाग कोरड्याने निघत नसेल, तर धागे न सुटणाऱ्या विशेष कागदावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन टोक ओल्या भागाकडून कोरड्या भागाकडे एकाच दिशेने ओढावे. अल्कोहोल टोकावर तसेच वाळू दिले तर त्याचा पापुद्रा राहतो. तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासातील ओलावा टोकावर बसतो. शर्टाच्या टोकाने तर कधीच पुसू नये. एससीसाठी २.५ मिलिमीटरचा आणि एलसीसाठी १.२५ मिलिमीटरचा असे क्लीनर वेगवेगळे असतात, आणि आपल्या एडफावर एलसी तोंडे असतील तर दोन्ही लागतील.

तीन-चार जणांच्या चमूसाठी प्रत्येकी एक क्लीनर आणि सर्वांत मिळून एक सूक्ष्मदर्शक एवढा खर्च अवश्य करावा. सूक्ष्मदर्शक पडद्याचा घ्यावा, नळीतून डोळा लावून पाहायचा घेऊ नये.

उत्तर : जोडारी

सूक्ष्मदर्शकात डोळा लावून का पाहू नये, याचे कारण सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या जाळ्यात एडफा आहे. त्याच्या एका तोंडातून १८ डीबीएम, म्हणजे सुमारे ६३ मिलिवॅट प्रकाश बाहेर पडत असेल, तर ओएलटीच्या २ मिलिवॅटच्या तुलनेत तो तीसपटीहून जास्त आहे. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे आपोआप पापणीही मिटत नाही. एडफाजवळचा कनेक्टर उघडण्यापूर्वी तो एडफा बंद करावा आणि मीटरने खात्री करावी. उघड्या टोकाकडे कोणीही, अगदी क्षणभरही, पाहू नये. प्रकाश चालू असताना मळका कनेक्टर लावला, तर टोकावरील कण तेथेच जळून काचेला चिकटतो आणि ते टोक कायमचे निकामी होते. एडफाच्या तोंडावर असे झाले तर खर्च पॅचकॉर्डपुरता राहत नाही. म्हणून एडफाच्या तोंडात पहिल्याच दिवशी एक छोटी पॅचकॉर्ड लावून ठेवावी आणि रोजची उघडझाप तिच्या दुसऱ्या टोकाला करावी.

दोष शोधण्याची एक खूण सांगतो. पॉन पॉवर मीटर १४९० आणि १५५० या दोन्ही पातळ्या वेगवेगळ्या दाखवतो. प्रत्येक ग्राहकाच्या जोडणीच्या दिवशीची दोन्ही वाचने वहीत लिहून ठेवावीत. पुढे तक्रार आली आणि दोन्ही वाचने सारख्याच प्रमाणात घसरलेली दिसली, तर संशय मळक्या किंवा नीट न बसलेल्या कनेक्टरवर घ्यावा. १४९० जवळजवळ तेवढेच राहून १५५० जास्त घसरले असेल, तर बहुधा फायबर कोठेतरी मुडपलेले असते, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर लवकर बाहेर पडतो. खिळ्याखाली दाबलेली ड्रॉप केबल, दाराच्या फटीत चेपलेली केबल किंवा पेटीत कोंबलेली पिगटेल तपासावी. यासाठीच घरातील भागात जी.६५७ए२ प्रकारचे फायबर घ्यावे; ते ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सहन करते, तर नेहमीच्या जी.६५२डी फायबरला ३० मिलिमीटर सोडावे लागतात. आणि दोन्ही वाचने उत्तम असूनही फक्त चित्र फुटत असेल, तर निवृत्त पारेषण यांनी सांगितलेल्या परावर्तनाकडे वळावे. मार्गात कोणी निळी पॅचकॉर्ड किंवा आरपार फायबरचा फास्ट कनेक्टर लावला आहे का, ते कंट्रोल रूमपासून सुरुवात करून पाहावे.

खाडीकाठ

सर्वांचा ऋणी आहे. ठरले ते असे : एडफाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडापासून ग्राहकाच्या पेटीपर्यंत सर्व एससी/एपीसी, ओएलटीकडे दोन वेगळ्या टोकांच्या पॅचकॉर्ड, निळ्या ओएनटी फक्त इंटरनेटच्या ग्राहकांना, लांबच्या वाडीसाठी सी प्लस मॉड्यूल, घरोघरी स्प्लाइस केलेली पिगटेल. फास्ट कनेक्टरचे नमुने मागवले आहेत आणि ते फोडून पाहिल्यावरच तातडीच्या कामांसाठी घेऊ. एडफाच्या प्रत्येक तोंडाचा प्रकार उद्या लिहून घेतो. एक लहानशी शंका उरली आहे : भिंतीवरील पेटीत ॲडॅप्टर घेताना आतल्या नळीचे काही पाहावे लागते का?

उत्तर : निवृत्त पारेषण

होय. ॲडॅप्टरच्या आत दोन फेरूलना एका रेषेत धरणारी चिरलेली बाही असते. ती झिरकोनिया सिरॅमिकची घ्यावी. फॉस्फर ब्राँझची बाही स्वस्त असते आणि मल्टिमोडला (जाड गाभ्याच्या फायबरला) चालून जाते, पण ९ मायक्रॉनचे गाभे समोरासमोर धरण्यासाठी सिरॅमिकचीच अचूकता हवी, आणि कनेक्टर वारंवार काढ-घाल केल्यावर धातूचे बारीक कण निघून ते टोकावर बसतात. शिवाय आत येणारे तोंड आपोआप झाकणारी, झडपेची हिरवी ॲडॅप्टर मिळतात. ग्राहकाच्या पेटीसाठी ती घ्यावीत, म्हणजे धूळही अडते आणि लहान मुलांच्या डोळ्यांपासून प्रकाशही.